नाईलवरच्या आगबोटींचे इंजिनीअर आणि इजिप्त पदक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पदकांबद्दल येणाऱ्या प्रश्नांमध्ये नदीतल्या आगबोटींवर काम केलेल्या इंजिनीअरांचा विषय सारखा निघतो. १८८४-८५ च्या नाईल मोहिमेबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून हे पान मुख्यतः त्या मोहिमेच्या पदकाबद्दल आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या क्रमांकाकडे बोट दाखवलं आहे.

१. इजिप्त पदक म्हणजे नक्की काय? ते शौर्याबद्दल मिळायचं का?

नाही. हे मोहिमेचं पदक आहे. ठरावीक काळात ठरावीक मुलखात जो सैनिक, खलाशी किंवा अधिकारी कामावर होता, त्या प्रत्येकाला ते मिळालं. १८८२ मध्ये ब्रिटिशांनी अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि पुढे तेल-अल-कबीरची लढाई झाली, तेव्हा हे पदक सुरू झालं. त्यानंतर सुदानात महदी या धर्मनेत्याच्या बंडाविरुद्ध ज्या मोहिमा निघाल्या त्यांनाही हेच पदक लागू केलं आणि १८८९ पर्यंतच्या लढाया त्यात आल्या. माणूस तिथे होता, एवढंच पदक सांगतं. तिथे त्याने काय केलं याबद्दल ते काही बोलत नाही. इंजिनीअरांच्या बाबतीत ही उणीव जास्त जाणवते, कारण त्यांचं सगळं काम डेकखाली चालायचं आणि बातमीदार असायचे वर. त्याचं ठळक उदाहरण प्रश्न ७ मध्ये आहे.

२. ते ओळखायचं कसं?

चांदीचं गोल पदक, व्यास ३६ मिलिमीटर. एका बाजूला मुकुटपट्टी घातलेल्या राणीचा चेहरा आणि ती राणी व सम्राज्ञी असल्याचा लॅटिन मजकूर. दुसऱ्या बाजूला चौथऱ्यावर बसलेला स्फिंक्स आणि त्याच्या वर इंग्रजीत इजिप्त. १८८२ च्या मोहिमेसाठी पाडलेल्या पदकांवर स्फिंक्सच्या खाली ते साल आहे, नंतरच्या पदकांवर ती जागा कोरी आहे. फीत सव्वा इंच रुंद, तीन निळे आणि दोन पांढरे पट्टे सारख्या रुंदीचे. हे दोन रंग निळ्या आणि पांढऱ्या नाईलचे. खार्टूमला जिथे या दोन नद्या मिळतात, तिथे पोचण्यासाठीच १८८४ ची सगळी धडपड होती.

३. फितीवरच्या चांदीच्या आडव्या पट्ट्यांचा अर्थ काय? नदीवर काम केलेल्यांची कोणती?

या पट्ट्यांना संग्राहक क्लास्प म्हणतात. या पदकासाठी एकूण १३ क्लास्प निघाले. नदीशी थेट संबंध आहे तो 'द नाईल १८८४-८५' या क्लास्पचा. ७ मार्च १८८५ किंवा त्याआधी जो अस्वानच्या दक्षिणेला कामावर होता, त्याला तो मिळाला. 'अबू क्ली' (१७ जानेवारी १८८५) आणि 'किरबेकान' (१० फेब्रुवारी १८८५) हे क्लास्प मात्र त्या त्या लढाईत प्रत्यक्ष असलेल्यांनाच. त्यामुळे 'अबू क्ली' असेल तर त्याच्यासोबत 'नाईल' हवाच. एकट्या 'अबू क्ली' क्लास्पचं पदक कोणी दाखवलं तर आधी प्रश्न १७ वाचा.

४. वाळवंटातल्या लढाईत आगबोटी आल्या कुठून?

ब्रिटिश जनरल गॉर्डन खार्टूममध्ये महदीच्या वेढ्यात अडकले होते. त्यांच्याकडे नदीत फिरणाऱ्या लहान आगबोटी होत्या, बाजूला चाकं असलेल्या. त्यांना लाकडी तुळया आणि बॉयलरच्या पत्र्याचं चिलखत ठोकून त्यांनी त्या लढाऊ करून घेतल्या. सोडवणुकीला निघालेली फौज वाळवंट उंटांवरून पार करून मेतेम्माजवळ गुबातला नदीला भिडली, तेव्हा २१ जानेवारी १८८५ ला यातल्या चार बोटी तिला येऊन मिळाल्या. २४ तारखेला कर्नल सर चार्ल्स विल्सन त्यातल्या 'बोर्दैन' आणि 'तलाहाविये' या दोन बोटी घेऊन खार्टूमकडे निघाले. २८ ला पोचले तेव्हा शहर पडून दोन दिवस झाले होते. गॉर्डन २६ जानेवारीलाच मारले गेले होते. परत येताना या दोन्ही बोटी एकामागून एक खडकांवर आदळून फुटल्या आणि विल्सन व त्यांची माणसं शत्रूच्या मुलखात अडकली.

या बोटी लाकडावर चालायच्या आणि काठावर जळाऊ लाकूड फार थोडं होतं. शेताला पाणी देणारे रहाट मोडून त्यांची लाकडं भट्टीत घातली जात. इंजिनीअराच्या डोक्याला वाफेइतकाच या सरपणाचाही घोर होता, हे लक्षात ठेवलं तर मोहिमेच्या तारखा वेगळ्या दिसू लागतात. रोज कित्येक तास केवळ लाकूड मिळवण्यात जायचे.

५. पदकावर 'इंजिनीअर' असं लिहिलं असेल तर तो अधिकारी होता की कारागीर?

इंजिनीअर, चीफ इंजिनीअर आणि असिस्टंट इंजिनीअर हे ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. गणवेशाच्या बाहीवर सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळं कापड, ही त्यांची खूण. त्यांच्या खालोखाल 'इंजिन रूम आर्टिफिसर' हा कुशल कारागिरांचा वर्ग होता. तो १८६८ मध्ये सुरू झाला आणि पदकावर त्याची 'ईआरए' ही तीन अक्षरं असतात. त्याखाली स्टोकर, म्हणजे आपल्या बंदरांत ज्यांना आगवाले म्हणत ते. या तिघांचं काम एकाच उष्ण खोलीत चालायचं, पण बढती, पेन्शन आणि सन्मान यांत फार अंतर होतं. चीफ इंजिनीअरसुद्धा जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीत पूर्णपणे धरला जात नसे.

६. पदकाच्या कडेवर, जिथे नाव आणि हुद्दा उमटवतात, तिथे नदीतल्या बोटीऐवजी समुद्रातल्या जहाजाचं नाव आहे. चूक झाली आहे का?

चूक नाही. नाईलवर गेलेली नौदलाची तुकडी भूमध्य समुद्रातल्या जहाजांवरून उचललेली होती. माणसाचं नाव ज्या जहाजाच्या हजेरीपटावर, तेच जहाज त्याच्या पदकावर, मग तो प्रत्यक्षात 'साफिया' या गॉर्डनच्या आगबोटीच्या भट्टीसमोर उभा असला तरी. या तुकडीतल्या माणसाच्या पदकावर 'अलेक्झांड्रा' किंवा 'मोनार्क'सारखं मोठ्या युद्धनौकेचं नाव आणि फितीवर 'नाईल' क्लास्प, ही जोडी बरोबरच आहे. उलट कडेवर 'साफिया' किंवा 'बोर्दैन' कोरलेलं नौदलाचं पदक दिसलं तर मी आधी संशय घेईन.

७. नाईलवरचा सगळ्यात प्रसिद्ध इंजिनीअर कोण?

चीफ इंजिनीअर हेन्री बेनबो. हे पान मुळात त्यांच्यामुळेच तयार झालं, म्हणून उत्तर लांब आहे.

विल्सन अडकल्याची बातमी लेफ्टनंट स्टुअर्ट-वर्टली होडीतून रात्री नदी उतरून १ फेब्रुवारीला गुबातला घेऊन आले. नौदलाच्या तुकडीचे प्रमुख लॉर्ड चार्ल्स बेरेस्फर्ड त्याच दिवशी 'साफिया' घेऊन निघाले. बोटीवर खलाशी, निवडक नेमबाज आणि दोन गार्डनर तोफा (हातानं फिरवायच्या, मशीनगनसारख्या) होत्या. इंजिन बेनबो यांच्या ताब्यात.

३ फेब्रुवारीला सकाळी वाद हबेशी इथल्या मातीच्या किल्ल्यासमोरून जावं लागलं. खोल पाणी नेमकं किल्ल्याच्या बाजूला असल्यामुळे बोटीला काठ धरूनच जाणं भाग होतं. किल्ला जवळजवळ मागे पडला होता, तेवढ्यात एक गोळा थेट बॉयलरमध्ये शिरला. वाफ उसळून बाहेर आली, भट्टीजवळची माणसं भाजली, चाकं थांबली. किल्ल्यापासून सुमारे ५०० यार्डांवर नांगर टाकावा लागला, बंदुकीच्या टप्प्यातच.

आता बॉयलर दुरुस्त झाला तरच परत जाता येणार होतं. गोदी नाही, लेथ नाही, सुटे भाग नाहीत. बेनबो यांनी बोटीवरच मिळालेल्या लोखंडातून सुमारे १६ बाय १४ इंचांचा पत्रा कापला. पत्र्याला भोकं पाडली, त्यांच्याशी जुळणारी भोकं बॉयलरला पाडली, बोल्ट कापले, त्यांना आणि नटांना आटे पाडले. सगळं हातानं. वर गार्डनर तोफ किल्ल्याच्या तोफेच्या खिडकीवर अखंड मारा करत होती, कारण ती खिडकी काही क्षण जरी मोकळी सुटली असती तरी पुढचा गोळा बोटीवर आला असता. बाजूच्या पातळ लोखंडावर गोळ्या आदळत असताना हे काम सुमारे १० तास चाललं.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. बोल्ट बॉयलरच्या आतून घालून बाहेरून नट आवळायचा होता. आत शिरण्याचं भोक लहान आणि बॉयलर अजून तापलेला. बोटीवर एक आफ्रिकन मुलगा होता. त्याच्या अंगाला चरबी चोपडली, बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं आणि त्याला आत उतरवलं. उष्णता सहन न होऊन तो लगेच बाहेर आला. थोड्या वेळानं पुन्हा उतरला आणि एकेक बोल्ट आतून भोकात घातला. (त्याच्याबद्दल प्रश्न ९.)

रात्री बोट सोडून दिल्यासारखं भासवून सगळे गप्प बसले. पहाटे पाचच्या सुमारास भट्टी पेटवली. उजाडताना धुराड्यातून ठिणग्या दिसल्या आणि किल्ल्यावरून पुन्हा मारा सुरू झाला, पण तोवर वाफ तयार झाली होती. 'साफिया' आधी वर गेली, वळली आणि पूर्ण वेगाने किल्ल्यासमोरून खाली निघाली. बेनबो यांचा पत्रा टिकला. विल्सन यांच्या लोकांना घेऊन बोट ४ फेब्रुवारीला संध्याकाळी गुबातला परतली.

यातलं अक्षरही पदकावर येत नाही. 'साफिया'साठी वेगळा क्लास्प निघाला नाही. गुबातला उंट सांभाळणाऱ्याचा आणि बॉयलर जोडणाऱ्याचा क्लास्प एकच. मोहिमेच्या पदकाचा नियमच तसा आहे हे मान्य करूनही मला वाटतं की बेनबो यांची नोंद धातूवर कुठेतरी राहायला हवी होती.

८. मग त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस का मिळाला नाही?

शत्रूच्या माऱ्यात केलेलं काम म्हणून त्यांचा विचार होऊ शकत होता, आणि बेरेस्फर्ड यांनी त्यांचं श्रेय मोकळेपणानं सांगितलं. पण त्या काळी शौर्य म्हटलं की हातात शस्त्र घेऊन पुढे धावणारा माणूस डोळ्यांसमोर यायचा. शिवाय १८८५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉसच्या खाली मधल्या दर्जाच्या अधिकाऱ्यासाठी शौर्याचा स्वतंत्र सन्मानच नव्हता. 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' सुरू झाली १८८६ च्या सप्टेंबरमध्ये. मोहिमेचे सेनापती लॉर्ड वूल्झली यांनी तुकडीची पाहणी करताना बेनबो यांना रांगेतून पुढे बोलावलं आणि स्वतःची चांदीची सिगारेटची डबी भेट दिली. इन्स्पेक्टर ऑफ मशिनरी या पदावर त्यांना बढतीही मिळाली आणि पुढे त्यांच्या नावामागे 'सर' लागलं.

९. बॉयलरमध्ये उतरलेल्या त्या मुलाला पदक मिळालं का?

त्याला बक्षीस कबूल करून आत उतरवलं होतं. पदकं वाटताना नाव, हुद्दा आणि पलटण किंवा जहाज लागायचं, कारण तेच कडेवर उमटवायचं असायचं. या हकिगतीत तो नुसता 'एक मुलगा' म्हणून येतो. इंजिनीअरांच्या कर्तबगारीची ही गोष्ट सांगताना पुष्कळ लोक त्याचं वाक्य गाळतात. कृपा करून गाळू नका. तो दुसऱ्यांदा आत उतरला नसता तर पत्रा बसला नसता.

१०. सोबत एक काळपट तारा आहे. तो कोणी दिला?

तो खेदिवाचा तारा. इजिप्तचे खेदिव, म्हणजे तिथले राज्यकर्ते, तौफिक यांनी आपल्या वतीने ब्रिटिश फौजेला दिलेला. ब्राँझचा, पाच टोकांचा, बर्मिंगहॅममध्ये बनवलेला, फीत साधी गडद निळी. मधल्या गोलात स्फिंक्स आणि मागे पिरॅमिड, मागच्या बाजूला खेदिवाची मुद्रा. १८८२, १८८४, १८८४-६ आणि साल नसलेला, असे चार प्रकार आहेत. नाईल मोहिमेसाठी १८८४-६. ज्याला १८८२ चा तारा आधीच मिळाला होता त्याला दुसरा मिळाला नाही. ताऱ्यावर सरकारी नाव नसतं. कोणाच्या ताऱ्यामागे नाव खरवडलेलं असेल तर ते त्या माणसानं किंवा पलटणीनं स्वतः करून घेतलेलं.

११. पदकावर साल १८८२ आणि फितीवर 'नाईल १८८४-८५'. दोन वेगळ्या वस्तू जोडल्या आहेत का?

बहुधा नाही. हा प्रश्न फार येतो आणि या कारणाने चांगली पदकं लोक कमी किमतीत देऊन टाकतात. एका माणसाला इजिप्त पदक एकदाच मिळायचं. १८८२ मध्ये अलेक्झांड्रियासमोरच्या जहाजावर असलेला स्टोकर १८८५ मध्ये नाईलवर गेला, तर त्याला फक्त नवा क्लास्प पाठवला जायचा. तेव्हा १८८२ चं पदक, 'अलेक्झांड्रिया ११ जुलै' आणि वर 'नाईल' हा क्रम बरोबर. सोबतचा ताराही १८८२ चाच असणार. खरी शंका घ्यायची ती उलट बाबतीत : पदक साल नसलेलं आणि क्लास्प मात्र 'तेल-अल-कबीर'.

१२. क्लास्पच नसलेलं पदक अपुरं असतं का?

नाही. मोहिमेत असलेल्या पण एकाही क्लास्पच्या अटीत न बसणाऱ्या माणसांना नुसतं पदक मिळालं. किनाऱ्यालगत उभ्या जहाजांवरच्या इंजिनीअरांची अशी पदकं पुष्कळ आहेत. फीत बदलताना क्लास्प हरवला का, हे पाहायचं तर पदक फितीला अडकवणाऱ्या वरच्या पट्टीवर आणि तिच्या दोन्ही टोकांवर रिव्हेटच्या खुणा शोधा, आणि मग नोंदवही पाहा (प्रश्न २०).

१३. खासगी कंपनीच्या बोटीवरच्या इंजिनीअरला हे पदक मिळायचं का?

नाईलवरची वाहतूक सरकारने थॉमस कुक आणि पुत्र या प्रवासी कंपनीला ठेक्यानं दिली होती. सैनिक, सामान, कोळसा आणि मोहिमेसाठी बांधलेल्या सुमारे ८०० होड्या वादी हाल्फापर्यंत नेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पण ठेकेदाराचा माणूस आपोआप पदकाला पात्र होत नसे. लष्करानं ज्यांना स्वतः करारावर घेतलं त्यांची गोष्ट निराळी. कॅनडातून आणलेल्या जवळपास ४०० नावाड्यांना 'नाईल' क्लास्पसह इजिप्त पदक मिळालं, आणि तेही सैनिक नव्हते. म्हणून 'नागरिक होता, म्हणजे पदक खोटं' असं धरून चालू नका. करार कोणाशी होता ते पाहा.

१४. गॉर्डनच्या बोटींवरच्या स्थानिक लोकांना काय मिळालं?

या बोटी चालवणारे रईस, म्हणजे तांडेल, आणि सैनिक इजिप्शियन आणि सुदानी होते. इजिप्शियन फौजेला दिलेल्या इजिप्त पदकांवर नाव अरबी लिपीत असतं, त्यामुळे कडेवर अरबी दिसली म्हणून घाबरू नका.

त्याखेरीज गॉर्डन यांनी वेढा चालू असतानाच खार्टूममध्ये स्वतःचा तारा ओतून घेतला होता. मेजिदिये या तुर्की सन्मानचिन्हाच्या ताऱ्यावरून वाळूचा साचा केला, मध्ये स्फोटक गोळ्याचं चित्र आणि वेढ्याचा उल्लेख घातला. काही तारे सोन्याचा मुलामा दिलेले, काही चांदीचे, बरेचसे कथील-शिशाचे. पोटाला अन्न नसलेल्या शहरात लोकांचं मन धरून ठेवण्यासाठी हे केलं. याची ओतीव प्रत हातात घेतली तर कडा ओबडधोबड लागतात आणि अक्षरं उथळ दिसतात. तो दोष नसून तीच त्याची ओळख आहे. अर्थात याच ओबडधोबडपणामुळे नकला करणं सोपं जातं.

१५. आमच्या पणजोबांकडे हेच पदक आहे. ते मुंबईच्या पलटणीत होते. ते नाईलवर गेले होते का?

क्लास्प वाचा. हिंदुस्थानातून गेलेली फौज १८८५ मध्ये तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदरात उतरली, नाईलवर नाही. तिच्यात १५ वी शीख, १७ वी बंगाल आणि २८ वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री या पायदळ पलटणी होत्या. या माणसांच्या पदकावर 'सुआकिन १८८५' असतं (१ मार्च ते १४ मे १८८५). २२ मार्चला काटेरी कुंपणाच्या अर्धवट बांधलेल्या छावणीवर अचानक हल्ला झाला. त्या वेळी जे तिथे होते त्यांना 'तोफ्रेक' हा आणखी एक क्लास्प आहे. २८ वी मुंबई तोफ्रेकला होती. तेव्हा घरातल्या पदकावर हे दोन क्लास्प असतील तर पणजोबा तिथल्या चकमकीतून वाचून आलेले आहेत. ही गोष्ट नाईलच्या गोष्टीपेक्षा तसूभरही कमी नाही. नाव बहुतेक वेळा वळणदार हस्ताक्षरासारखं कोरलेलं असतं आणि मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं वाटलं तसं. उच्चार करून बघा, म्हणजे लागतं.

१६. रत्नागिरीला थिबा राजाला आणणाऱ्या ब्रह्मदेशातल्या आगबोटींना कोणतं पदक?

ते पदक वेगळं. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्ट यांची फौज इरावती नदीतून आगबोटींनी मंडालेला गेली. २९ नोव्हेंबरला थिबा राजाला 'थूरिया' या आगबोटीवर चढवलं. पुढे १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. या मोहिमेत पात्र ठरलेल्यांना १८५४ च्या 'इंडिया जनरल सर्व्हिस' पदकावर 'बर्मा १८८५-७' हा क्लास्प मिळाला. फीत लाल, त्यावर दोन गडद निळे पट्टे. मागच्या बाजूला बसलेल्या योद्ध्याला मुकुट घालणारी विजयदेवता. याच क्लास्पपासून मदतनीस, गाडीवान, सफाईवाले यांना ब्राँझचं पदक देणं सुरू झालं, म्हणून 'चांदीचं नाही म्हणजे नकली' हा समज इथे चालत नाही.

याच पदकाचा 'पर्शिया' क्लास्प मुंबईच्या जास्त जवळचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीचं ठाणं मुंबईत होतं आणि १८५७ मध्ये तिच्या 'कॉमेट', 'प्लॅनेट' आणि 'असिरिया' या लहान आगबोटी इराणातल्या कारून नदीतून अहवाझपर्यंत गेल्या होत्या.

१८९६-९८ मध्ये किचनर यांच्या सुदान मोहिमेत नाईलवर गेलेल्या 'मेलिक', 'सुलतान', 'शेख' वगैरे तोफनौकांच्या इंजिनीअरांचीही पदकं वेगळी : राणीचं सुदान पदक आणि खेदिवाचं सुदान पदक. त्यांची सरमिसळ इजिप्त पदकाशी करू नये.

१७. खरं-खोटं कसं तपासायचं?

आधी कॅलिपर घ्या आणि व्यास तीन-चार दिशांनी मोजा. जुनं नाव घासून नवं कोरलेलं असेल तर कड झिजलेली असते आणि माप ३६ मिलिमीटरच्या खाली उतरतं, किंवा एका दिशेला कमी भरतं. मग अक्षरं भिंगाखाली पाहा. नौदलाच्या पदकावर नाव ठशानं उमटवलेलं असतं, ब्रिटिश पायदळाच्या पदकावर बहुधा तिरप्या अक्षरात कोरलेलं. 'चीफ इंजिनीअर, रॉयल नेव्ही' असं तिरपं कोरलेलं दिसलं तर थांबा. त्यानंतर क्लास्पचे रिव्हेट बघा. मूळ रिव्हेट सपाट आणि जुनाट दिसतात, नंतर जोडलेल्या क्लास्पचे बहुतेक वेळा चकचकीत किंवा डाख लावलेले असतात. सर्वांत शेवटी नोंदवही. तिच्यात क्लास्प नसेल तर बाकी सगळं कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही.

१८. काळं पडलं आहे, दसऱ्याला बाकीच्या चांदीसोबत घासू का?

घासू नका. चिंच, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही नको. आधी राणीच्या गालाचा उठाव जातो, मग कडेवरचं नाव, आणि नाव गेलं की पदक निनावी झालं. मऊ सुती कापडानं धूळ पुसा, ब्राँझच्या ताऱ्याला तर तेवढंही हलक्या हाताने. प्लास्टिकच्या साध्या पाकिटात ठेवू नका, कोकणातल्या दमट हवेत तर मुळीच नको. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. मूळ फीत विरलेली असली तरी फेकू नका.

१९. परदेशातल्या लिलावात पाठवता येईल का?

शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याच्या कक्षेत येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १८८५ चं पदक वयाच्या अटीत बसतं. पोस्टात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा. परदेशातून विकत घेऊन भारतात आणण्याचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी सीमाशुल्काचे नियम बघावे लागतात.

२०. नाव वाचता आलं. पुढे माहिती कुठे शोधायची?

लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. नौदलाच्या पदकांच्या याद्या तिथल्या 'एडीएम १७१' या मालिकेत आहेत आणि नौदल अधिकाऱ्यांच्या, त्यात इंजिनीअरही आले, सेवेच्या नोंदी 'एडीएम १९६' मध्ये. पायदळाच्या पदकांच्या याद्या 'डब्ल्यूओ १००' मध्ये. हिंदुस्थानी फौजेबद्दलची कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात सापडतात.

शोधताना फक्त नाव टाकून थांबू नका. यादीत माणसासमोर शेरे असतात : पदक कधी पाठवलं, कुठे पाठवलं, क्लास्प नंतर दिला का, पदक परत आलं का. इंजिनीअर असेल तर सेवेच्या नोंदीत वरिष्ठांनी लिहिलेले अभिप्राय जरूर वाचा. एखाद्या ओळीत बॉयलरचा किंवा दुरुस्तीचा उल्लेख निघतो, आणि तोच त्या माणसाच्या कामाचा एकमेव लेखी पुरावा असू शकतो. ती ओळ उतरवून पदकासोबत ठेवा.

२१. पदक आमच्याकडे आणि तारा चुलत घराण्यात. आता जुळवावेत का?

जुळवता आले तर उत्तम, पण त्यासाठी भांडण नको. ताऱ्यावर नाव नसल्यामुळे (प्रश्न १०) एकदा तो घराबाहेर गेला की कोणाचा होता हे सिद्ध करता येत नाही. दोन्ही घरांनी एकाच कागदावर दोन्ही वस्तूंचे फोटो, कडेवरच्या नावाचा जवळून काढलेला फोटो आणि कोणाकडे काय आहे हे लिहून, सह्या करून एकेक प्रत ठेवावी. वाटणीत तारा गेलेल्या घराला बहुतेक वेळा तो कशाचा आहे हेच माहीत नसतं. तो कागद आत्ताच करा, ज्यांना आजोबांकडून ऐकलेलं आठवतं ती माणसं घरात असतानाच.